भाडोत्री मोटारीचा परवाना : सिल्लोडच्या वाटेवरील एक शतक

कोणत्याही प्रदेशाचा इतिहास लिहिताना लढाया, किल्ले आणि राजवटी ह्यांची नोंद आवर्जून केली जाते. परंतु सामान्य माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी कोणत्या वाहनाने गेली, त्या वाहनाचे भाडे कोणी ठरविले आणि ते वाहन रस्त्यावर आणण्याची मुभा कोणी दिली, हे प्रश्न बहुधा बाजूस पडतात. वास्तविक आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची चूल ह्याच व्यवसायावर पेटली आहे. कोणाची जीप आहे, कोणाची रिक्षा आहे, तर कोणी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून उमेदवारी करीत आहे. ज्या कागदाच्या आधारे हा उद्योग चालतो त्या परवान्याचा इतिहास ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे नुकसान होते. म्हणून प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे थोडक्यात निरूपण करण्याचे योजिले आहे.

सिल्लोडचे स्थान

सिल्लोड हे औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) अजिंठा घाट उतरून खानदेशात जाणाऱ्या जुन्या मार्गावर, औरंगाबादपासून सुमारे ६५ किलोमीटरवर वसलेले गाव. बऱ्हाणपूर आणि दख्खन ह्यांना जोडणारी मोगलकालीन वाट ह्याच परिसरातून जात असे. अजिंठा व फर्दापूर येथील सराया त्या काळच्या रहदारीची साक्ष देतात. १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि औरंगाबाद व जालना ही गावे आगगाडीशी जोडली गेली. उत्तरेस जळगाव व पाचोरा येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पूर्वीच आली होती. ह्या दोन लोहमार्गांच्या मधोमध सिल्लोड राहिले. त्यास रेल्वे लाभली नाही.

ह्या एका गोष्टीने गावाच्या दळणवळणाचे स्वरूप ठरविले. मिरची, कापूस व मका बाजारात न्यावयाचा असो, लेणी पाहण्यास आलेला परदेशी पाहुणा असो, अथवा आजाऱ्यास मोठ्या दवाखान्यात पोहोचविणे असो, रस्ता हाच एकमेव आधार. प्रथम बैलगाडी, दमणी व टांगा होता. पुढे मोटार आली. जेथे रेल्वे नाही तेथे भाडोत्री वाहन ही चैन नसून गरज असते. अशा ठिकाणी परवान्याचा नियम थोडा जरी बदलला तरी त्याचा परिणाम घराघरांत जाणवतो.

परवान्याचा उगम

भाड्याच्या वाहनास सरकारी परवाना असावा ही कल्पना मोटारीहून बरीच जुनी आहे. लंडनमध्ये भाडोत्री घोडागाड्यांची संख्या व शिस्त ह्यांविषयी १६५४ मध्ये हुकूम निघाला. मुंबईत भाड्याच्या गाड्यांसाठी १८६३ साली कायदा झाला आणि व्हिक्टोरिया व शिग्राम ह्यांच्यावर नंबर व दर ह्यांचे बंधन आले. त्या परवान्याचा हेतू मर्यादित होता. वाहन धड असावे, चालक ओळखू यावा आणि परक्या माणसाची लूट होऊ नये, एवढेच सरकारला पाहावयाचे असे.

मुंबईच्या रस्त्यावर मोटारटॅक्सी १९११ च्या सुमारास आली. १९१४ च्या मोटार कायद्याचे धोरणही वरीलप्रमाणेच होते. गाडीची नोंदणी व चालकाची अनुज्ञप्ती ह्यांवर त्याचा भर होता. कोणत्या रस्त्यावर किती गाड्या धावाव्यात, हे सरकारने ठरवावे अशी कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती.

ती कल्पना रुजली ती जागतिक मंदीच्या काळात. मोटारींनी आगगाडीचे उतारू पळविण्यास आरंभ केला, रेल्वेचे उत्पन्न घटले आणि १९३२-३३ मध्ये मिचेल व कर्कनेस ह्या दोन अधिकाऱ्यांनी रस्ता व रेल्वे ह्यांच्या स्पर्धेविषयी अहवाल सादर केला. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, परवाना, टप्पा वाहन आणि कंत्राटी वाहन हे आज आपल्या तोंडी असलेले शब्द त्या कायद्याने रूढ केले. कंत्राटी वाहनाचा परवाना देताना आणखी वाहनांची लोकहितार्थ गरज आहे किंवा नाही, हे पाहण्याचा अधिकार प्राधिकरणास मिळाला. परवाना आता केवळ सुरक्षिततेचा दाखला राहिला नाही, तर धंद्यात कोणास येऊ द्यावे आणि कोणास बाहेर ठेवावे, हे ठरविण्याचे ते साधन झाले.

निजामी मुलखातील निराळी वाट

मराठवाड्याचा इतिहास येथे मुंबई इलाख्याहून वेगळा आहे. हैदराबाद संस्थानात रेल्वे आणि मोटार ह्यांची स्पर्धा होऊ न देता दोन्ही एकाच हाती ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९३० मध्ये संस्थानाने रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि १५ जून १९३२ रोजी तिच्याच विभागामार्फत २७ बसगाड्या व १६६ नोकर ह्यांच्यानिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली. देशातील अगदी आरंभीच्या सरकारी बससेवांपैकी ही एक होय. मुंबई राज्याची एस. टी. पुणे ते अहमदनगर ह्या मार्गावर १ जून १९४८ रोजी धावली. म्हणजे निजामी मुलखातील सरकारी बस तिच्याहून सोळा वर्षांनी वडील ठरते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मराठवाड्याची बससेवाही कालांतराने राज्य परिवहन महामंडळात मिळाली. दरम्यान १९५४ मध्ये सगीर अहमद ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यावर भाड्याची गाडी चालविणे हा नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. तेव्हा १९५६ मध्ये मोटार कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालून सरकारी वाहतुकीसाठी मार्ग राखून ठेवण्याची कायदेशीर सोय करण्यात आली. त्यायोगे टप्प्याटप्प्याने उतारू घेण्याचा हक्क महाराष्ट्रात बहुतांशी एस. टी. कडे गेला. एस. टी. ने खेड्यापाड्यांत शाळकरी मुलांना, वृद्धांना व बाजारकरूंना जी सेवा दिली तिचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु खाजगी मोटारमालकासाठी ह्यानंतर मुख्यत्वे एकच दार उघडे राहिले, ते म्हणजे कंत्राटी वाहनाचे.

मुंबईत संख्येचे कुंपण

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची गोष्ट सर्वांस परिचित आहे. प्रीमियर पद्मिनी ही गाडी तर त्या शहराची ओळखच बनली. तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. व्हिक्टोरिया तर त्यापूर्वीच, २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निर्णयाने बेकायदा ठरली होती.

परंतु परवान्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे धोरण एकंदरीने सैल केले. प्राधिकरणाने अर्ज सामान्यतः नाकारू नये असे त्यात म्हटले, आणि १९९१ मध्ये मिथिलेश गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्या उदार धोरणास मान्यता दिली. त्याच कायद्यात मात्र एक अपवाद आहे. पाच लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत कंत्राटी वाहनांची संख्या मर्यादित करता येते. महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये ह्या अपवादाचा अवलंब करून मुंबईसह मोठ्या शहरांत नवे परवाने गोठविले. रिक्षांच्या बाबतीत ही मर्यादा २०१७ मध्ये उठविण्यात आली.

वीस वर्षे संख्या गोठल्याचा परिणाम काय झाला? परवाना हीच एक मिळकत झाली. गाडी जुनी होई, पण परवान्याचे मोल वाढत जाई. ज्यांच्या नावावर परवाना होता ते घरी बसून तो दुसऱ्यास चालविण्यास देऊ लागले, आणि रस्त्यावर राबणारा मनुष्य भाडेकरूच राहिला. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी हाच प्रयोग ह्याहून मोठ्या प्रमाणावर झाला. १९३७ च्या कायद्याने तेथील टॅक्सी परवाने मर्यादित केले आणि पुढे कित्येक दशके त्यांची संख्या ११,७८७ एवढीच राहिली. अशा एका परवान्याची किंमत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरांवर गेली. त्यानंतर ॲपवरील गाड्या आल्या, किंमत कोसळली आणि कर्ज काढून परवाना घेतलेली चालकांची कुटुंबे देशोधडीस लागली. टंचाईतून निर्माण झालेली मिळकत टंचाई संपताच नाहीशी होते, हा त्यातील बोध होय.

सिल्लोडला मार्गाचे कुंपण

आता सिल्लोडकडे वळू. २०११ च्या जनगणनेत ह्या गावाची वस्ती साठ हजारांच्या आत होती. सबब पाच लाखांच्या अटीमुळे संख्येची ही मर्यादा येथे लागू होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. औरंगाबाद शहरात रिक्षाचा परवाना मिळविणे अवघड असताना सिल्लोडच्या तरुणास जीपचा परवाना मिळणे तितके कठीण नव्हते. म्हणूनच येथे परवान्यास स्वतंत्र बाजारमूल्य आले नाही. मोल आले ते मार्गास, थांब्यास आणि स्टँडवरील पाळीस.

ह्याचे कारण कायद्यातील एका भेदात आहे. सहापर्यंत उतारू नेणारी ती मोटारकॅब, आणि सहाहून अधिक पण बारापर्यंत उतारू नेणारी ती मॅक्सीकॅब. दोन्ही कंत्राटी वाहनेच. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरलेल्या उतारूंना नेणे हे कंत्राटी वाहनाचे काम. वाटेत उतारू चढविणे व उतरविणे हे टप्पा वाहनाचे काम. मोटारकॅबमध्ये प्रत्येक उतारूकडून वेगळे भाडे घेतले म्हणून ती टप्पा वाहन ठरत नाही, एवढी सवलत कायदा देतो. परंतु फाट्याफाट्यावर थांबण्याची मुभा तो देत नाही.

आणि सिल्लोडच्या रस्त्याची गरज तर नेमकी फाट्यावरची आहे. सिल्लोड सोडल्यावर एका अंगास आळंद व फुलंब्री, दुसऱ्या अंगास गोळेगाव व अजिंठा. ह्या गावांच्या मधल्या वस्त्यांवरील माणूस मुख्य रस्त्यावर येऊन उभा राहतो. त्याला संपूर्ण गाडी ठरविणे परवडत नाही आणि एस. टी. ची वेळ प्रत्येक वेळी साधत नाही. ही पोकळी काळ्या-पिवळ्या जीपने भरून काढली. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, भरल्यावर आणखी दोघे लटकतात, आणि उतारू हात करील तेथे गाडी थांबते, हे चित्र मराठवाड्यात सर्वत्र दिसत आले आहे. परवाना आहे, कर भरला आहे, पासिंग झाले आहे, तरीही वृत्तपत्रांच्या भाषेत हीच ‘अवैध प्रवासी वाहतूक’. बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खाजगी वाहनाने उतारू घेऊ नयेत, हा नियमही त्यातूनच आलेला.

येथे दोन्ही बाजूंचा विचार करणे न्याय्य होईल. एस. टी. स तोट्याच्या मार्गावरही गाडी पाठवावी लागते, सवलतीचे उतारू न्यावे लागतात. जीपवाला मात्र भरल्या वेळचे भाडे उचलतो. ही तक्रार खोटी नाही. तसेच जीपमध्ये कोंबलेल्या उतारूंचे अपघातात काय होते, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु जेथे सरकारी गाडी पोहोचत नाही तेथे दुसरे कोणीच पोहोचू नये, असे म्हणणे उतारूच्या हिताचे नाही, आणि जीपवाल्यास कायमचे अपराधी ठेवून रस्ता सुरक्षितही होत नाही.

ह्या प्रश्नाचे स्वरूप २०२१ मध्ये विशेष स्पष्ट झाले. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. उतारूंचे हाल होऊ नयेत म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने खाजगी प्रवासी वाहनांस टप्पा वाहतूक करण्याची तात्पुरती मुभा दिली. आदल्या दिवशी जी गोष्ट गुन्हा होती तीच दुसऱ्या दिवशी लोकसेवा झाली. गाडी तीच, चालक तोच, रस्ताही तोच. संप मिटल्यावर जुना नियम पुन्हा लागू झाला. ग्रामीण मार्गांवर मर्यादित उतारू नेणाऱ्या लहान गाड्यांसाठी रीतसर व कायमचा टप्पा परवाना असावा की नसावा, ह्याचा शांतपणे विचार करण्यास तो काळ उपयुक्त ठरला असता.

अजिंठ्याची आणि गोव्याची वाट

पर्यटकांच्या गाडीचा परवाना हा आणखी निराळा प्रकार. अजिंठ्याची लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा ठरली आणि औरंगाबाद व जळगाव येथून येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचे महत्त्व वाढले. पुढे लेण्यांच्या रक्षणासाठी खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून तेथून चार किलोमीटर बसने नेण्याची पद्धत आली. अखिल भारतीय पर्यटक परवान्याचे नियम २०२१ व पुन्हा २०२३ मध्ये नव्याने झाले. त्यामुळे राज्याच्या सीमेवर अडकून पडण्याची कटकट कमी झाली. पण त्याचबरोबर बाहेरगावच्या गाड्याही लेण्यांच्या वाटेवर सहज येऊ लागल्या.

गोव्यात पर्यटकांचा ओघ अधिक असल्यामुळे तेथील घडामोडी बोधप्रद आहेत. तेथे दुचाकीवरून उतारू नेणारे ‘पायलट’ रीतसर परवानाधारक आहेत. महाराष्ट्राने दुचाकी टॅक्सीचे धोरण २०२५ मध्ये स्वीकारले; गोमंतकात ती पद्धत कित्येक दशकांची. परंतु त्याच गोव्यात २०१८ मध्ये ‘गोवामाइल्स’ ही ॲपवरील सेवा सुरू होताच स्थानिक टॅक्सीवाल्यांनी तीव्र विरोध केला. स्थानिक मनुष्याचा स्टँड आणि दूरच्या मनुष्याचा मोबाइल ह्यांतील हा तंटा पुढे सर्वत्र येणार आहे.

नवा दारवान

ओला ही कंपनी २०१० मध्ये मुंबईत स्थापन झाली. उबर भारतात २०१३ मध्ये आली. कायद्यात अशा मध्यस्थ कंपन्यांसाठी ‘समुच्चयक’ हा वर्ग २०१९ च्या दुरुस्तीने आला. केंद्राने त्यांच्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये काढली व २०२५ मध्ये ती बदलली. दरम्यान मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये अशा कंपन्यांना अनुज्ञप्तीसाठी अर्ज करण्यास फर्माविले होते.

ह्या सर्व घटनांचा एकत्र विचार करता परवान्याच्या इतिहासाचे तीन कालखंड दिसतात. पहिल्यात सरकार विचारीत असे, ‘गाडी धड आहे काय?’ दुसऱ्यात विचारी, ‘गाडीची गरज आहे काय?’ तिसऱ्यात सरकारने दार बरेचसे उघडले. परंतु दारावर कोणीच नाही असे मात्र नव्हे. गाडीचा हप्ता वसूल करणारी वित्तसंस्था आणि भाडे वाटून देणारे ॲप हे आता दारवान झाले आहेत. पूर्वी कचेरीत खेटे घालून परवाना मिळे. आता परवाना मिळतो, परंतु तिसऱ्या हप्त्याला गाडी उचलून नेली जाते. मुक्त परवान्याच्या काळात गाड्या वाढतात व प्रत्येकाच्या वाट्याचे भाडे घटते, हे गाडी घेण्यापूर्वी कागदावर मांडून पाहणे अगत्याचे आहे.

समाजबांधवांस विनंती

इतिहासाचा उपयोग वर्तमानात व्हावा, ह्या हेतूने चार गोष्टी नमूद करतो.

पहिली गोष्ट परवानाधारकाच्या निधनाविषयी. कर्ता पुरुष गेल्यावर दुःखाच्या भरात कागदपत्रांकडे लक्ष राहत नाही आणि परवाना हातचा जातो. १९८८ च्या कायद्याच्या कलम ८२ अन्वये ज्याच्या ताब्यात वाहन येईल त्याने तीस दिवसांच्या आत प्राधिकरणास निधनाची व परवाना वापरण्याच्या आपल्या इराद्याची सूचना दिल्यास त्यास तीन महिने तो परवाना वापरता येतो. तेवढ्याच तीन महिन्यांत परवाना आपल्या नावे करण्याचा अर्ज करावयाचा असतो. ही सवलत विधवा भगिनीसही आहे. तेराव्यानंतर घरातील जाणत्या मंडळींनी हे काम प्रथम हाती घ्यावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. परवाना पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी किमान पंधरा दिवस द्यावा लागतो. पासिंग, विमा व कर ह्यांच्या तारखा घरातील शिकलेल्या मुलामुलींनी एका वहीत लिहून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट पांढऱ्या पाटीच्या गाडीची. घरची मोटार लग्नसराईत भाड्याने देण्याचा मोह होतो. परंतु विनापरवाना भाडे मारताना अपघात झाल्यास विम्याच्या अटींचा भंग ठरून भरपाई नाकारली जाण्याचा धोका असतो. दोन हजारांच्या भाड्यासाठी घरदार पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे.

चौथी गोष्ट चालकांची. हलक्या मोटारीची अनुज्ञप्ती असणाऱ्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे प्रवासी अथवा मालवाहू वाहन चालविता येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केला. केवळ वेगळ्या नोंदीच्या अभावी विम्याची भरपाई अडली असेल, तर त्या कुटुंबाने वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

सिल्लोडच्या वाटेवर दमणी गेली, टांगा गेला, निजामी बस गेली. आजची जीपही एक दिवस जाईल व तिच्या जागी विजेची गाडी येईल. वाहन कोणतेही असो, त्यामागे राबणाऱ्या माणसाने आपला हक्क व आपली जबाबदारी दोन्ही ओळखावीत. उतारूचा जीव व चालकाची भाकरी ह्यांचा मेळ घालणारा परवाना हाच खरा परवाना, आणि असा परवाना ग्रामीण मार्गांना मिळावा ह्यासाठी समाजाने संघटितपणे व सनदशीर मार्गाने शासनाकडे मागणी करावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.